दळणाऱ्याचं नाव

पीठ तोंडावर आलं तेव्हा मी खजूरवाल्याशी हुज्जत घालत होते, म्हणजे माझं तोंड उघडं होतं. चांगलं ओंजळभर होतं. जवाचं, जाडसर, नुकतंच दळलेलं असावं, कारण त्याला अजून दगडाचा वास होता. डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, केसांत बसलं आणि जिभेवरही गेलं. परक्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, बाई, पदर झटका आणि घरी जा, एवढं काय त्यात. पण आमच्या हर्रानमध्ये ताऊजचे दिवस चालू होते. ताऊजला त्याच्या धन्यानं मारलं, त्याची हाडं जात्यात दळली आणि ते पीठ वाऱ्यावर सोडून दिलं, म्हणून त्याच्या दिवसांत आम्ही बायका जात्यातून निघालेलं काहीही तोंडात घालत नाही. भिजवलेले गहू खातो, हरभरे खातो, खजूर, बेदाणे. घरातलं जातं झाकून ठेवतो. आणि त्याच दुपारी रडणं निघायचं होतं, ज्याचा सूर उचलायचा मान माझा. दगड तर आमच्यावर कुणीही फेकतं. शेण फेकतात, कुजलेले कांदे फेकतात, त्याची आता सवय झाली आहे. पण पीठ फेकायचं सुचायला आमच्यात जन्मावं लागतं. म्हणून डोळे पुसायच्या आधीच मला कळलं की ही शलमत.

डोळे पुसले तर तीच होती. माझ्या मेलेल्या बहिणीची लेक. पिठाच्या दुकानापुढं उभी होती, हात कोपरापर्यंत पांढरे, गळ्यात लाकडाचा क्रूस. मला वाटलं होतं हसत असेल. हसत नव्हती, तिला धाप लागली होती. "आता उचल सूर," ती म्हणाली. "मावशी, उचलून दाखव आता." आणि वळून गेली. पळाली नाही, हे मला आवडलं. आमच्या घरातल्या बायका पळत नाहीत. सावकाश, पाठ ताठ ठेवून गेली, थेट माझ्या आईची चाल. खजूरवाल्यानं तांब्या पुढं केला. "चूळ भरा, बतनिकलबाई. कुणी पाहिलं नाही." पाहिलं सगळ्यांनीच होतं. दोघे तर पिठाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून हसत होते. मी तांब्या घेतला नाही. का घेतला नाही ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. खजुराचे पैसे टाकले, पुडी घेतली आणि तशीच, पांढऱ्या तोंडानं, भर बाजारातून निघाले.

गल्लीत सावली होती, पण भिंती तापलेल्या होत्या. चालता चालता मी सारखी जीभ टाळूला लावून बघत होते. गिळलं का मी? थुंकले तर होते, पण थुंकायच्या आधी दचकून आवंढा गिळला होता, आणि त्या आवंढ्याबरोबर थोडं गेलंच असणार. आणि खोटं कशाला बोलू, जिभेला ते गोड लागलं. इतके दिवस भिजवलेले गहू चावून चावून जबडा दुखायला लागतो, आणि मग एकदम ही ओळखीची, भाकरीची चव. शरीराला काय कळतं कुणी फेकलं आणि कशाला फेकलं. त्याला भूक कळते. याचा मला राग आला, शलमतचा आला त्याहून जास्त आला. नाकातून श्वास घेतला की पीठ आत जाई, तोंडातून घेतला तर ओठांवरचं चाटलं जाई. मग मी दोन्ही बंद करून चार पावलं टाकायचे आणि पुन्हा धापा टाकत उभी राहायचे, एखाद्या वेडीसारखी. समोरून एक ख्रिस्ती शेजारीण पाण्याची घागर घेऊन येत होती. तिनं मला पाहिलं, घागर भिंतीशी टेकवली आणि मला आधी जाऊ दिलं. तिच्या डोळ्यांत कीव होती. कीव केलेली मला चालत नाही. मी मान वर करून गेले.

शलमत माझ्या मांडीवर बसून सूर शिकली. दात पडलेल्या तोंडानं ती दुसरी ओळ म्हणायची, तेव्हा तिच्या फटीतून वारा सुटायचा आणि बायका रडता रडता हसायच्या. तिला आवाज कसला, विहिरीच्या तळाशी बोलल्यावर येतो तसला. "वाऱ्यावर सोडला" या जागी सूर फाटला पाहिजे. फाडायचा नसतो, आपला आपण फाटला पाहिजे. मला ते जमायला लेकुरवाळी व्हावं लागलं, तिला ते दहाव्या वर्षीच जमत होतं. मी मनात म्हटलं, झालं, माझ्यामागं ही आहे. रूमच्या ख्रिस्ती बादशहांनी आमचं एकेक काय काय बंद केलं. बळी बंद, धूप बंद, देवळातला दिवा बंद. चंद्रदेवाच्या देवळाला कुलूप. पण कायदे लिहिणारे सगळे पुरुष, रडणं लिहायला विसरले. बायका उन्हाळ्यात एकदा रस्त्यानं रडत जातात, त्यात काय बंद करायचं? त्या विसरलेल्या भोकातून आमचा सगळा धर्म गेली कितीतरी वर्षं श्वास घेतो आहे. आणि त्या भोकावर बसलेली बाई मी. मला याचा अभिमान आहे, तो मी कशाला लपवू. डीकन गुरिया, त्यांच्या देवळातला धाकटा पाद्री, एकदा मला चिडवत म्हणाला होता, "आजी, तुमचा देव मेलेला, त्याच्यासाठी रडता कशाला?" मी म्हटलं, "बाळा, तुमचाही मेला होता. आम्ही निदान रडलो." तो तेव्हा हसला होता. वाईट माणूस नाही तो. त्याच्या मानेवर सारखं गळू झालेलं असतं, आणि त्यावर काय लावायचं हे त्याला कुणी सांगत नाही. मी दोनदा सांगायला गेले होते. एकदा त्यानं तोंड फिरवलं आणि एकदा मी.

मग मानू गेला. शलमतचा मुलगा, नुकता पळायला लागलेला, गुडघे सदा सोललेले. ताप आला आणि ताऊजच्या ऐन दिवसांत गेला. आमच्यात त्या दिवसांत आपल्या माणसाचं नाव घेऊन रडत नाहीत. कुणाचा नवरा जावो, लेक जावो, नाव एकच घ्यायचं, ताऊज. सगळी रडणी त्याच्यातच ओतायची. शलमत माझ्या शेजारी उभी होती, पोर घरी चटईवर निजवलेलं, आणि रांग निघायच्या आधी तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "मावशी, एकदा म्हणू? मानू म्हणून. एकदाच." मी नाही म्हटलं. आज विचारलं तरी नाही म्हणेन. प्रत्येकीनं आपापलं नाव घेतलं तर ज्या बाईला नाव घ्यायला कुणी उरलं नाही, तिनं काय करायचं? ज्यांची पोरं नाव ठेवायच्या आधीच गेली त्यांनी? सगळ्यांचं मावेल असं एकच रडणं माणसांना मिळालं आहे, आणि ते आमच्याकडं आहे. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा कोण ऐकणार होतं. ती गायली. पूर्ण गायली. आणि "वाऱ्यावर सोडला" या जागी तिचा सूर फाटला नाही. दगडासारखा सपाट राहिला. माझ्या अंगावर काटा आला, मला वाटलं, हे काहीतरी वेगळंच झालं. पुढं पावसाळ्यात डीकन गुरिया तिच्या दारावरून जाताना थांबला आणि त्यानं पोराचं नाव विचारलं. बस, नाव विचारलं. मग त्यांच्या देवळात दर रविवारी मानूचं नाव मोठ्यानं घेतलं जायला लागलं आणि थंडी सरायच्या आत शलमतनं पाण्यात उतरून त्यांचा धर्म घेतला. माझा तिच्यावर राग नाही असं नाही. आहे, रोज आहे. पण ती का गेली हे मला जितकं कळतं तितकं तिच्या डीकनलाही कळत नसेल.

घरी पोचले तर अंगणात बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. बातमी माझ्याआधी पोचली होती. आमचे म्हातारे पुजारी बरनहार, आता देवळाला कुलूप म्हणून नुसतेच म्हातारे, ओट्यावर बसले होते. कामी मधोमध उभी होती. कामी लोकर रंगवते, नखं कायम निळी, आणि जीभ अशी की शेजारची कुत्रीही तिच्याशी भांडत नाहीत. सूर उचलण्यात ती माझ्यानंतरची.

"त्या सटवीनंच ना?" कामी म्हणाली.

"शलमतनं," मी म्हटलं.

"तेच ते."

"तोंडात गेलं का, बतनिकल?" बरनहारांनी विचारलं. आवाज हळू होता, पण त्यांना उत्तर हवं होतं. तोंडात गेलं तर मी भ्रष्ट, मी सूर उचलू शकत नाही. मग कामी उचलणार. मला सहज नाही म्हणता आलं असतं.

"गेलं," मी म्हटलं. "गिळलंही असेल."

एकीनं हाय केलं. बरनहारांनी डोळे मिटले. आणि तेव्हा मला कळलं की मी खजूरवाल्याचा तांब्या का घेतला नाही. ते माझ्या डोक्यात चालताना शिजत असणार, कारण तोंडातून अगदी तयार होऊन बाहेर आलं. "काका, मला एक सांगा. ताऊजला दळलं ते त्याला विचारून दळलं? त्याच्यावर जबरदस्तीनं जे झालं त्यानं तो भ्रष्ट झाला का? मग आपण इतकी वर्षं कुणा भ्रष्टासाठी रडतोय? खाल्लेलं पीठ वेगळं, मारलेलं वेगळं. हे मला मारलंय. मी धुणार नाही. हे असंच घेऊन मी रांगेपुढं चालणार आहे."

बरनहारांनी डोळे उघडले, माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. मग म्हणाले, "असं कुठं सांगितलेलं नाही."

"नको म्हणून तरी कुठं सांगितलंय?"

म्हातारा हसला. तोंडात एक दात, पण हसला छान. "चल तर मग," म्हणाला. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की पायांत ताकद आली. शलमतनं जे माझं तोंड बंद करायला आणलं होतं ते मी डोक्यावर घेऊन जाणार होते.

पण कामी हलली नाही. "आणि नाव?" ती म्हणाली. मला ठाऊक होतं हे येणार. आमच्या रडण्यात मध्येच एक जागा आहे. बायका विचारतात, कुणी दळलं? आणि सूर उचलणारीनं उत्तर द्यायचं, धन्यानं दळलं. दरवर्षी हेच. पण ज्या वर्षी कुणी आमच्यावर फार मोठा घाला घातला असेल त्या वर्षी त्या जागी जित्या माणसाचं नाव घालता येतं. माझ्या आईनं एकदा घातलं होतं. एका वसुली करणाऱ्यानं देवळाच्या चौकटीवरचा चंद्र छिन्नीनं फोडला होता, त्याचं. गव्हाची पेरणी व्हायच्या आत तो मेला. आई मरेपर्यंत ते ताठ मानेनं सांगायची आणि ऐकताना माझीही मान ताठ व्हायची. फक्त त्याची म्हातारी आई पुढं विहिरीवर यायची, आणि दोर ओढायला तिच्याजवळ कुणी नसायचं, तेव्हा आई दुसऱ्या विहिरीवर जायची. ठाणेदारालाही ही जागा माहीत होती. गुरियानं त्याच्या कानावर घातली होती. त्यानं दवंडी दिली होती की बायकांनी रडावं खुशाल, पण बाप्तिस्मा घेतलेल्या कुणाचं नाव शापात आलं तर पुढच्या वर्षापासून रडणंही बंद. गुरिया दोन शिपाई घेऊन आमच्या रांगेबरोबर चालणार होता, कान उघडे ठेवून.

"दवंडीला भिऊन गप्प बसायचं?" कामी म्हणाली. "आज पीठ टाकलं, उद्या तुझ्या नरड्यात कोंबतील. घाल नाव. बघू दे त्यांना आमच्यात अजून काय आहे ते."

ती चुकीचं म्हणत नव्हती. मी वेणी घट्ट केली, पायांतल्या वहाणा काढल्या, कारण रडणं अनवाणी चालतं, आणि सगळा वेळ आत एकच चाललं होतं. मी नाव घेतलं तर शलमत मरेल. हे मला पक्कं माहीत होतं, जसं पाणी उताराकडं जातं हे माहीत असतं. माझा देव खोटा असता तर मी आनंदानं घेतलं असतं, कुणाचं काय बिघडलं असतं? नाव न घेणंच माझ्या श्रद्धेला धरून होतं, पण हे कामीला कसं सांगणार. आणि न घेतलं तर लोक म्हणणार, म्हातारी शिपायांना भ्याली. तेही मला सहन होण्यासारखं नव्हतं. भीतीनं गिळलेला शब्द आणि दयेनं गिळलेला शब्द बाहेरून सारखेच दिसतात. आतून तरी वेगळे दिसतात का? मी स्वतःला खोदून खोदून विचारलं. पोटात थोडी भीती होती. रडणं कायमचं बंद होईल ही भीती. पण ती बाजूला सारली तरी तिच्या तळाशी ती दात पडलेली पोर बसलेलीच होती. एकदा असंही मनात आलं की तिच्या मानूचं नाव घ्यावं, आज, सगळ्यांसमोर. मोठ्या मनाची म्हणून लोक नाव काढतील. लगेच माझीच मला लाज वाटली. तिनं आपलं पोर आमच्यातून उचलून नेलं आहे. ते आमच्या तोंडात परत ओढणं म्हणजे मी तिच्यावर पीठ फेकणं.

रांग निघाली. ऊन पांढरं होतं. माझ्या कपाळावरच्या घामानं पिठाचा चिखल झाला आणि तो भुवयांवरून खाली यायला लागला. मी पहिली ओळ उचलली आणि पहिल्याच ओळीला घसा असा लागला की मलाच आश्चर्य वाटलं. बाजारात माणसं दुकानांतून बाहेर आली. सकाळी हसलेले दोघे तिथंच होते, या वेळी हसले नाहीत. माझं तोंड पाहून एक आमचीच म्हातारी, जी गेली कित्येक वर्षं भीतीनं दार लावून बसायची, उंबऱ्यातून उतरली आणि रांगेत शिरली. मग आणखी एक. त्यांनी माझ्या डोक्यावरचं पीठ पाहिलं आणि त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मला वाटलं, हे आपलं गाव आहे, चंद्राचं गाव, कुलपं लागलेलं पण आपलं, आणि मी त्याच्या पुढं चालते आहे. माझी छाती भरून आली. बाजूनं गुरिया चालत होता, मान वाकडी धरून, कारण गळू दुखत असणार.

शलमतचं घर आमच्या वाटेवरच आहे. कामीनं मुद्दाम तिथंच पावलं आखडली. रांग थांबली आणि बायकांनी विचारलं, "कुणी दळलं?"

"धन्यानं दळलं," मी म्हटलं.

पुढची ओळ यायला हवी होती. ती आली नाही. कामीनं पुन्हा विचारलं, एकटीनं, वरच्या पट्टीत, "कुणी दळलं?" आणि तिच्यामागं सगळ्यांनी. गुरिया जवळ आला. एका शिपायानं भाल्याचा हात बदलला.

"धन्यानं दळलं."

"कुणी दळलं?"

दार उघडलं. शलमत बाहेर आली. हात धुतलेले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, केसांकडं, भुवयांकडं, आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला. मी धुवून येईन किंवा येणारच नाही असं तिनं धरलं असणार. तिसरं काही तिच्या मनात आलं नव्हतं. "घे ना," ती म्हणाली. "विचारतायत त्या. घे माझं नाव." आवाज विहिरीच्या तळातलाच होता. तिला नाव हवं होतं हे मला तेव्हा दिसलं. मी शाप दिला असता की ती सुटली असती. आम्ही कसे आहोत ते तिला कायमचं कळलं असतं, आणि मागं वळून बघायचं काही कारण उरलं नसतं.

"नाव मला ठाऊक आहे," मी म्हटलं, गुरियाला आणि शिपायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "घेणार नाही."

"भ्यालीस," शलमत म्हणाली. "मावशी, तू भ्यालीस."

सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. गुरियासुद्धा. कामीचे डोळे म्हणत होते, आता तरी. एक शब्द होता, चार अक्षरांचा, माझ्या दातांच्या मागं तयार. तो उच्चारला असता तर मला भित्री म्हणणारं हर्रानमध्ये कुणी उरलं नसतं, ती तर नसतीच. माझे कान तापले. आयुष्यात मला कुणी भित्री म्हटलं नव्हतं.

"बरं, भ्याले," मी म्हटलं. "तू आत जा. डोक्यावर काही घेतलं नाहीस, उन्हानं कपाळ धरेल तुझं. आणि धरलं की दोन दोन दिवस उलट्या काढतेस."

तिचा हात आपोआप डोक्याकडं गेला. मग तिला ते कळलं आणि तो तिथंच राहिला, केसांवर. मी तिच्याकडं पाठ केली आणि कुणाची वाट न पाहता "वाऱ्यावर सोडला" उचललं, आणि त्या जागी माझा सूर असा फाटला की मला पुढचा श्वास सापडेना. रांगेत क्षणभर काहीच आलं नाही. मग कामीनं, माझ्यावरचा राग तसाच ठेवून, दुसरी ओळ उचलली.